चालशे

एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून
जांबुसरियाबाई म्हणाल्या, यात काही नाही.
मेहुण्याने तेवढंच ऐकलं.
संध्याकाळपर्यंत दांडिया बाजारात पोचलं,
फणशांच्या पायाला काही नाही.

कीर्तिस्तंभापाशी स्कूटर घसरली, गुडघा खरचटला, बस्स.
खपली धरली, पडली.
पाय मात्र तिथेच रस्त्यावर राहिला असावा.
घरी आणलाय तो कुणाचा तरी,
पाटासारखा,
ओढत न्यायचा.

मग बाईंनी डाव्या टाचेखाली हात सरकवला.
डावा दाबा. दाबला.
म्हणजे मी दाबला, त्याने नाही.
आता डावा विसरा, उजवा उचला.
उजवा उचलला,
आणि डाव्याने त्यांचा तळहात गादीत रुतवला.
माझाच पाय,
मला चुकवून कामावर जात होता.

"नाटक नाही हे," बाई म्हणाल्या.
"मेंदू आधी अंदाज बांधतो, मग बघतो.
अंधारात जिना संपला तरी
आपण एक पायरी जास्त उतरतो ना,
आणि दचकून जीभ चावतो.
तुमच्यात 'हलणार नाही' हा अंदाजच पक्का झालाय बहुतेक.
पायाकडे लक्ष दिलं की आणखी घट्ट होतो.
बहुतेक.
सगळं अजून कुणालाच ठाऊक नाही."

ते 'बहुतेक' मला आवडलं.
चौतीस वर्षं सिटी सर्व्हेत काढली मी.
ओळखतो असा कारकून,
जागेवर न जाता
जुन्या उताऱ्यावरून नवा उतारा लिहिणारा.
भिंत पडली, वारस आले, विहीर बुजली,
याच्या नकाशात विहीर आहेच, पाण्यासकट.
लबाड नसतो तो. शिक्का फक्त त्याच्याकडे असतो.
(खरं सांगायचं तर दोनदा तो मीच होतो.)

सयाजी हॉस्पिटलच्या लांब कॉरिडॉरमध्ये
मला उलटं चालायला लावलं.
उलट्या चालीचा कागद दप्तरात नव्हता,
म्हणून कुणी अडवलं नाही.
अकरा पावलं!
बाकावरची बाई पोराला दाखवत होती,
जो, काका रिव्हर्समां.
बारावं मोजायला गेलो
आणि पुन्हा पाट.

खुर्ची ढकलत आलेला वॉर्डबॉय म्हणाला,
"चालशे, काका."
म्हणजे भागेल, होईल, राहू द्या.
किंवा, पाय चालेल.
चार पिढ्या बडोद्यात काढूनही
मी विचारलं नाही
त्याला यातलं कुठलं म्हणायचं होतं.