ए-सहा

फोंड्याला तिस्कावर, पतसंस्थेच्या मागच्या खोलीत
शनिवारी रात्री पावणेअकराला पिवळा दिवा लागला.
मी म्हार्दोळच्या जत्रेत होते, हातात खाज्यांचा पुडा.
फातर्पेकरांचा फोन : ‘सोमवारी पेन्शनचा दिवस.’
पुढे काही बोललेच नाहीत.

रुळांवरून सर्व्हर पुढे ओढला, झाकण काढलं.
झाकणाच्या पोटाला नकाशा चिकटवलेला :
दोन प्रोसेसर, दोघांना सहा-सहा वाटा,
दर वाटेवर दोन घरं, आधी पांढऱ्या कानाचं, मग काळ्या.
काळी घरं रिकामी. तेवढा खर्च कधी मंजूर झाला नाही.
पांढऱ्यांत बत्तीस-बत्तीसच्या पट्ट्या, सहा इकडे, सहा तिकडे.
त्यांतली ए-सहा गेली.

गेली म्हणजे काय, तर
एक बिट उलटला की यंत्र आपलं आपण सावरतं,
वरच्या कुणाला कळूही देत नाही.
नोंदवहीत फार तर एक ओळ.
डिसेंबरपासून अशी रोज एक ओळ पडत होती.
वही कुणी उघडली नाही. मीसुद्धा.
दोन बिट एकदम उलटले, तेव्हा कुठे दिवा.

फातर्पेकरांनी ड्रॉवरमधून एक पट्टी काढली,
पुतण्याच्या कॉम्प्युटरची, म्हापशाहून घेतलेली.
‘हीच ना?’
लांबी तीच. खाच तिथेच. सोनेरी दातही तेवढेच.
टक् करून बसलीसुद्धा.
पंखे एकदम किंचाळले आणि पडदा काळाच राहिला.

हिला मधला माणूस नाही, मी सांगितलं.
इथल्या पट्टीच्या मध्यावर एक चिप असते,
हुकूम आधी तिच्याकडे, मग पुढे.
ही थेट बोलणारी.
थेट बोलणारी आणि मध्यस्थवाली
एका घरात नांदत नाहीत.
‘आमचं संचालक मंडळ,’ फातर्पेकर म्हणाले,
आणि त्या रात्री पहिल्यांदा हसले.

मग विचारलं, आरसा का नाही ठेवला आपण?
सगळं दोनदा लिहायचं, एक गेलं तरी दुसरं आहे.
ठेवता आला असता. अर्धी जागा आरशाला जाते.
मागच्या वर्षीच्या कोटेशनात होतं, पान तीन.
ते खिडकीकडे बघू लागले. खिडकीला फक्त एसीचा पाइप.

साडेबाराला मी मनगटाचा पट्टा पुन्हा लावला
आणि ए-सहा काढली.
आता पाच इकडे, सहा तिकडे.
अशानं चालतं, पण लंगडत चालतं.
इनास सरांनी वेर्ण्याच्या कारखान्यात शिकवलं होतं :
सहा नाही जमले तर चार. पाच कधीच नाही.
चार म्हणजे तीन नंबरचं घरही रिकामं,
आणि पलीकडची तीनसुद्धा, पलीकडची सहासुद्धा.
एका आजाऱ्यापायी तीन धडधाकट बाहेर.
हात थांबला थोडा. पट्ट्या कोमट होत्या,
आताच कुणीतरी उठून गेलेल्या खुर्चीसारख्या.

दोनशे छप्पन्न, पडद्यावर आलं. आठ हजर.
दिवा निळा.
राखणदार सावळो दारात उभा, स्टीलच्या ग्लासात चहा.
चार चंदेरी पिशव्या बघून म्हणाला,
‘बाय, पाड किती जाल्यो?’
एक.
‘आनी ह्यो तीन?’
मी चहा घेतला. गोड होता, फार गोड.

पिशव्या सगळ्या सारख्याच दिसतात,
म्हणून वाईटवर मार्करनं लिहिलं : ए-सहा.
बाकीच्या तिन्हींवर काय लिहावं, सुचेना.
‘चांगली’ लिहिलं असतं तर फातर्पेकर म्हणाले असते
मग काढली कशाला.

बाहेर आले तेव्हा पोदेर भोंपू वाजवत तिस्काचा चढ चढत होता,
मागे उंड्यांनी भरलेली टोपली.
स्कूटरच्या डिकीत खाज्यांना मुंग्या लागल्या होत्या.
त्या झटकल्या, पिशव्या ठेवल्या.
निघण्याआधी नोंदवही उघडली होती. कोरी.
आता रोज बघायची, असं ठरवलंय.
डिसेंबरातही ठरवलं होतं.