बेडस्पेस

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
विजेच्या खांबांवर कागद चिकटवलेले असतात,
खाली फोन नंबरांची कापलेली झालर:
बेडस्पेस. खालचा पलंग. घोरणारे नकोत.
सहा वर्षं मी अशाच एका झालरीच्या तुकड्यावर जगतोय.

त्या जूनमध्ये मात्र दुसऱ्याच कुणासाठी जागा शोधत होतो.
त्याला पलंग नको होता.
चाळीस वॅट वीज, एक केबल, गार हवा,
आणि रात्री कुणी बटण बंद करू नये,
एवढंच.

वेलांटी म्हणतो आम्ही त्याला.
मराठी लिहिताना चुकलेल्या शब्दाखाली
लाल नागमोडी रेघ ओढतं. फुकट. सगळ्यांचं.
चालवणारे आम्ही सातजण:
मिरजेच्या एक सिस्टर रात्रपाळीत
सलाईन संपेपर्यंत शब्द भरतात;
देगलूरचे भालके मास्तर,
'आणि'तला णि ऱ्हस्व का, यावर
चार पानी मेल पाठवतात, वर्षातून दोनदा.
पगार कुणालाच नाही.
ज्या कंपनीने आजवर कोपरा दिला होता
तिने कळवलं, महिनाअखेर जागा रिकामी करा.
भाषा अगदी घरमालकाची.

अकरा पत्रं लिहिली.
आधी 'दान' लिहिलं, खोडलं.
'सहाय्य' लिहिलं तर वेलांटीनेच खाली रेघ ओढली,
माझ्याच पत्रात, तिच्याच निवाऱ्यासाठी.
शेवटी 'जागा' लिहिलं.

नऊ पत्रांना उत्तर नाही.
दहाव्याला दरपत्रक आलं.
अकरावे लियाकत परकार,
खालिद बंदराजवळ कोल्ड स्टोअरेज.
बाहेर सत्तेचाळीस, आत उणे अठरा,
मधल्या खोलीत हिशेबाचा कॉम्प्युटर आणि चहाची किटली.
"खातो किती?"
एका बल्बाएवढं.
"घोरतो?"
थोडा. पंखा आहे आत.
"मग माझ्या मेव्हण्यापेक्षा बरा."

पण भाडेकरूचं सामान बघावं तसं
त्यांनी आधी तपासून घेतलं.
दोन बोटांनी स्वतःचं नाव टाइप केलं.
लियाकत, लाल.
परकार, लाल.
खाली नम्र सूचना: 'प्रकार' म्हणायचं आहे का?

खोलीत नुसता कॉम्प्रेसर बोलत होता.
मग म्हणाले, "हा काय प्रकार आहे?"
आणि स्वतःच इतके हसले
की पलीकडे मासळी मोजणारा पोरगा आकडा विसरला.

हसू ओसरल्यावर खुर्ची पुढे ओढली.
माझ्याकडे न बघता टाइप करत राहिले:
हुनेरकर. फोंडू. बुरोंडकर. माखजनकर.
पडदाभर लाल रेघा,
एखाद्या नापास पोराची वही जणू.
सारंग तेवढा सुटला.
"हा राग म्हणून घेतला असशील आत," म्हणाले,
"आमचा सारंग बोटीवरचा."

आम्ही जिथून शब्द वेचले
तिथे ही माणसं राहत नव्हती,
असं काहीतरी मी पुटपुटलो.
त्यांनी चहा ओतला.
भाडं काय, मी सवयीने विचारलं.
"दर शुक्रवारी एक गाव."

तेव्हापासून दर शुक्रवारी, नमाज झाल्यावर,
ते डोळे मिटून सांगत जातात
जेटीपासून वर, घरामागून घर,
कुणाचं दार बंद आहे तेही.
मी लिहून घेतो. सिस्टर रात्री भरतात.

ऑगस्टमध्ये एकदा फेज उडाली.
रात्री दोनला फोन:
"सुरमई वाचली. तुझा पाहुणा उठत नाही."
टॅक्सी करून पोचलो तर
खोक्यावर हात ठेवून बसले होते,
ताप बघावा तसे.

आता त्याच्यावर कागद लावलाय,
जाड मार्करने, त्यांच्या हातचा:
पाहुणा आहे. बंद करु नये.
रु ऱ्हस्व पडलाय.
मास्तरांना मी कळवलेलं नाही.