कोट टाकू नका

पहिल्यांदा तो मेला तेव्हा ऑफिसातून निरोप आला:
कोट टाकू नका.
मी ओळखलं, येतोय परत.

तिसऱ्या वर्षाचा शेवटचा भाग. एझ्रा व्हेन
गिरणीच्या बांधावरून नदीत पडला,
प्रेत सापडलं नाही.
आमच्या मालिकेत प्रेत सापडलं नाही म्हणजे
माणूस बाजारात गेलाय, येईल.
ओला कोट मी चार दिवस बॉयलरपाशी वाळवला,
दोन बटणं वाहून गेली होती, तसलीच शोधायला
श्रूझबरीची सगळी दुकानं पालथी घातली.

नऊ वर्षांत लिटल मार्डलमध्ये एकाहत्तर खून झाले.
गाव सहाशे वस्तीचं.
तरी दर ऑगस्टला मार्मलेडची स्पर्धा भरते,
परीक्षक नवा असतो,
जुना सरबत पिऊन गेलेला.
रक्त चमचाभर, तेही गालिच्याला शोभेल असं.
मग पियानो जुळवणाऱ्या मिसेस पार्फिट
एक पट्टी दाबतात, मान कलती करतात,
म्हणतात, ‘तुमच्या जबानीत एक सूर उतरलाय’,
आणि कुणीतरी ओक्साबोक्शी कबूल होतं.
आणि चहा.

एकटा व्हेन कबूल होत नसे.
टोपी उचलायचा. ‘पुन्हा भेटू, बाई.’
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात;
याची मेल्यावरही जात नसे,
दोनदा बुडून, एकदा जळून.

कोट काढला की तो लेनर्ड गॉस.
बदकांना भिणारा.
दुसरं बिस्किट घेताना माझ्याकडे बघणारा.
एकदा पोस्टात एका म्हातारीनं
त्याच्या हातून सुटे पैसे घेतले नाहीत.
त्यानं ते काउंटरवर ठेवले, दोन पावलं मागे सरला.
हे त्यानं मला तीनदा सांगितलं,
तिन्ही वेळा कान लाल.

‘मॉर्वेना, डावा खिसा शिवून टाकू नकोस.
दुष्ट माणसाला हात ठेवायला जागा लागते.’

फेब्रुवारीत तो खरंच मेला.
मंगळवारी, हॉस्पिटलात, दुपारच्या सूपनंतर.
ना कडा, ना नदी, ना कुणाचा फायदा.
सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून
का ते सांगायला कुणी आलं नाही.

पाचव्या दिवशी निरोप:
कोट टाकू नका.

त्यांना फक्त पाठ हवी होती.
बारा सेकंद, शेवटी, रेल्वेच्या पुलावर,
धुकं, टोपी वर, संपलं.
खाटकाचा पुतण्या बरोबर उंचीचा निघाला,
खांदे मात्र बैलाचे. मी शिवण उसवली.
डाव्या खिशात पेपरमिंटची एक गोळी
आणि संवादाची चिठ्ठी, त्याच्या तिरक्या अक्षरात:
पुन्हा भेटू, बाई.
खाली, बारीक: सावकाश. तिला खरं वाटू दे.

पोरानं टोपी उचलली, माशी हाकलावी तशी.
दिग्दर्शक म्हणाला, छान.
मिसेस पार्फिट होणाऱ्या ऑगस्टा लीथबाई
त्या दिवशी कामावर नव्हत्या.
गमबूट घालून कॅमेऱ्यामागे उभ्या होत्या,
नऊ वर्षांचं वैर थर्मासच्या झाकणात ओतून पीत.
त्या म्हणाल्या, ‘सूर उतरलाय. पुन्हा.’
पुन्हा. पुन्हा.
सातव्या वेळी यंत्राचं धुकं संपलं,
तर खरंच नदीवरून थोडं आलं.
मी पुलावर गेले, पोराला म्हटलं,
डावा हात खिशात घाल. गोळीला धक्का लावू नकोस.

आठव्या वेळी बाईंनी काही म्हटलं नाही.
नाक शिंकरलं, गाडीत जाऊन बसल्या.

कोट आता माझ्याकडे आहे, खुंटीवर, ब्रश मारून.
खांद्यांची शिवण मी पुन्हा आत घेतली,
त्याच्या मापाला.
कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
अंत्यविधीला सगळे गेले होते, मला ताप होता.

म्हणजे बघा,
प्रेत काही मी पाहिलेलं नाही.