मिनिटाला एकशे बेचाळीस शब्द

देल्फीन मान्सिया वाचायला लागला
की घड्याळच दमतं.
मिनिटाला एकशे बेचाळीस शब्द, कुठे अडखळणं नाही.
निरीक्षकबाई खूश. तक्त्यावर हिरवी टिकली.
"ह्याला तुमच्याकडे कशाला पाठवलाय?"
मी त्यांना कोट चढवायला मदत करते,
बाहेर वारा आहे.

मग त्याला विचारते, कुत्र्याचं काय झालं?
तो म्हणतो, कुठल्या कुत्र्याचं?

अख्ख्या धड्यात कुत्राच होता.
पहिल्या ओळीत हरवला, शेवटच्या ओळीत
निथळत दारात येऊन उभा राहिला,
आणि हा पोरगा त्याच्या शेपटीवरही पाय न देता
मधून निघून गेला.

आमची भाषा तशी भोळी, लिहिलं तसं म्हणायचं.
म्हणूनच फसवते.
सातव्या वर्षी कुणीही औषधाच्या खोक्यातला कागद
खणखणीत म्हणून दाखवतो
आणि मोठेपणी तीच गोळी उपाशीपोटी घेतो.

वीस वर्षं मी हेच करते पुन्ता अरेनासमध्ये,
जिना उतरून, बॉयलरशेजारच्या खोलीत:
वाचता येणाऱ्यांना वाचायला शिकवते.
नवरा चारचौघांत सांगायचा,
आमची एदुविना पालथे घडे सरळ करते.
लोक हसायचे. मीही, थोडं उशिरा.

वारा माणसं उचलायला लागला
की नगरपालिका चौकात दोर बांधते.
देल्फीनला तिथे नेलं.
दोर धर. चार पावलं टाक. थांब.
आता मागे बघ, कुठून आलो आपण?
"बेकरीपासून."
पूर्णविराम म्हणजे हा दोर, मी म्हटलं.
तो म्हणाला, बाई, माझे हात गारठलेत.
त्याचंच बरोबर होतं. उपमेची गरज मला होती.

परत येऊन त्याला पाव दिला, लोणी दिलं,
आणि एकच वाक्य दिलं:
खिडकीतला दिवा पहाटेपर्यंत तेवत होता.
पान झाकलं.
काय दिसतं?
दिवा.
अजून?
खिडकी.
अजून?
बॉयलर घुरघुरत राहिला. लोणी बोटांवर वितळलं.
मग म्हणाला, कुणीतरी घरी आलेलं नाही.
कुठे लिहिलंय?
त्यानं पान उघडलं, ओळीवरून बोट फिरवलं,
उलटून मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली.
लिहिलेलं नाही. पण आहे.

त्या रात्री मी एकटीनं दोन पेले वाइन प्यायले.

नंतर त्याचा वेग पडला. एकशे दहा. अठ्ठ्याण्णव.
निरीक्षकबाईंनी लाल टिकली लावली
आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: घसरण.

ऑगस्टमध्ये तो आला, दप्तर पाठीवरच.
बाप दक्षिणेच्या खाड्यांत, खेकड्यांच्या बोटीवर.
पत्राला डिझेलचा वास.
त्यानं हळू वाचलं, दर पूर्णविरामाशी
दोर धरून उभं राहत:
"इथे सगळं छान आहे. जेवण छान. कप्तान छान माणूस.
आईला सांग, नाताळला माझी वाट बघू नका.
माझी सायकल तू घे."

बाई, तीनदा छान का?

तुला काय वाटतं? मी विचारलं.
आमच्या धंद्यातला प्रश्न, जिभेवर तयारच असतो.

आणि सायकल का?

तेव्हा पहिल्यांदा मनात आलं,
एकशे बेचाळीसवर असता
तर हे पत्र त्याच्यातून वाऱ्यासारखं गेलं असतं
आणि पोरगा आत्ता मैदानात चेंडूमागे धावत असता.

मी चष्मा पुसला. पत्र घेतलं.
एकदा वाचलं, पुन्हा वाचलं,
घडी घालताना तिसऱ्यांदा.
तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता,
सावकाश,
एकही शब्द न गाळता.