मागच्या दारची नोंद

योजनानं फोनवरच बुक केलं. दोन रात्री, नाश्त्यासकट.
"बाबा, ह्या वेळी पुढच्या दारानं जायचं,"
असं म्हणून हसली.

यावल सोडल्यावर केळीच्या बागांतून
डांबरी संपते तिथं ही कोठी,
जिनवाल्या शेठची. पाटीवर आता 'हेरिटेज व्हिला'.
मी हिला ग्राहक क्रमांकानं ओळखतो.

अकरा वर्षं, दर महिन्याच्या सात तारखेला
सायकल चिंचेला टेकवून मागच्या ओसरीत शिरायचो.
काळं बेकेलाइटचं मीटर, काचेवर जाळं,
आत फिरणारी चकती.
तिची तांबडी खूण एकदा समोरून जाईपर्यंत
उगाच थांबायचो. हुसनोद्दीन माठातलं पाणी द्यायचा.
नऊ युनिट. बारा. आठ.
शेठ जळगावला, बाईसाहेब माडीवर, आणि एक दिवा,
एवढं मला आकड्यावरून कळायचं.
चेहरा कधी पाहिला नाही.

आज रायसिंग नावाच्या पावरा पोरानं
गार टॉवेल दिला, वर कोकम सरबत.
"खान्देशात कोकम!" कोकिळा पुटपुटली,
पण दोन्ही ग्लास तिनंच संपवले.
पलंग इतका उंच की चढायला स्टूल.
रात्री थाळीएवढ्या पांढऱ्या बशीत
एक चमचा भरीत, वर पातीची एक काडी खोचलेली.
तिच्यातलं अमळनेर जागं झालं :
"हाई काय, निवद शे का?"
रायसिंग ओठ दाबून हसला
आणि आतून अख्खं पातेलंच घेऊन आला.

माडीवर जाताना जिन्यात फोटो आहे.
काठाचं पातळ, मांडीवर बंद पुस्तक.
खाली पितळी पट्टीवर बांधकामाचं साल,
बाईंचं नाव नाही.

चौऱ्याऐंशीचा मे. आकडा आला तीनशे चाळीस.
दोनदा वाचला. काच पुसून तिसऱ्यांदा.
हुसनोद्दीन म्हणाला, "बाईसाब को अंधेरा नहीं चलता आजकल.
सब बत्तियाँ. रातभर."
मी मान हलवली, आणि वहीत लिहिलं :
मीटर सदोष असल्याचा संशय. तपासणी व्हावी.
अक्षर माझं चांगलं होतं.
वायरमननं मीटर उतरवून नेलं. तीन दिवस.
मीटर बरोबर निघालं.
जूनच्या सात तारखेला युनिट चार.
हुसनोद्दीननं पाणी दिलं, नेहमीसारखं.
मी प्यायलो. विचारलं नाही.

ही गोष्ट कोकिळाला ठाऊक नाही.
चाळीस वर्षं आमच्या घरात
मागं राहिलेला दिवा मालवायला मीच उठतो,
पोरं मला चिक्कू म्हणायची.

रात्री दोनला चपला न घालता खाली उतरलो.
मागची ओसरी आता लाँड्री. चादरींचे गठ्ठे,
साबणाचा वास. भिंतीवर चार स्क्रूंची भोकं
रंगाखालीसुद्धा दिसतात, मी बोट लावून मोजली.
नवं मीटर बाहेर खांबावर. त्यात चकती नाही,
एक तांबडा ठिपका लुकलुकतो,
भराभरा, थांबून बघण्याआधीच पुढं गेलेला.

वर येऊन खोलीतली सगळी बटणं दाबली.
झुंबर, आरसा, पलंगाच्या दोन्ही बाजू,
न्हाणीघर, कपाटाच्या आतलासुद्धा एक.
कोकिळा उठून बसली, डोळ्यांवर हात धरून.
"काय हरवलं?"
"काही नाही. राहू दे."
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दिव्यांकडे.
चादर तोंडावर ओढून घेतली आणि म्हणाली,
"बिल पोरगी भरणार आहे ना?"

तिसऱ्या दिवशी निघताना बिल नीट वाचलं.
खोली, जेवण, कर. विजेचा आकार वेगळा नाही.
इथं दारालगतच्या खाचेत कार्ड असेल तोवरच उजेड,
काढलं की पाच सेकंदांत अंधार.
बॅगा रायसिंगनं नेल्या. कोकिळा जिन्यात पोचली.
मी कार्डाला हात लावला,
आणि तसंच ठेवून दार ओढून घेतलं.

रिक्षा चिंचेपर्यंत आली तेव्हा
मागून पोराची हाक ऐकू आली, "काका, कार्ड!"
रिक्षावाल्याला म्हटलं, चल.