साडेअकरा किलो

पारा आठावर आला की
मी कूलरला ताडपत्री बांधते,
मोटरीच्या दांड्याला ग्रीसचं बोट लावते
आणि जिन्याखालून बंब ओढते.
ओढताना फरशीवर तो कण्हतो. मीही कण्हते.
आमचं वय एकच, एक-दोन वर्षं इकडेतिकडे.

यंदा तोटी गळू लागली.
मिनिटाला सात थेंब.
एवढं मोजण्याइतकी मी रिकामी नाही,
पण झोप येत नव्हती, म्हणून मोजले.

सायकल रिक्षात घालून नेला इतवारीत, भांडे ओळीत.
झनकलालच्या नातवानं उचलून थेट काट्यावर ठेवला.
"साडेअकरा किलो. तांब्याचा भाव चांगला हाय आज."
म्हटलं, विकायचा नाही रे, तोटी बघ.
"तोटी कोन बनवते आता, काकू?
गिझर घ्या ना बाप्पा. बटन दाबलं का झालं."

तरी टॉर्च घालून त्यानं आत पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
"हे बुडाशी ठिगळ कोनं मारलं?
आमच्या लाईनीतलं काम नाई हे."

नाहीच.
मिलचा भोंगा कायमचा थांबला त्या हिवाळ्यात
बंबाच्या बुडाला भोक पडलं होतं,
आणि बाबांच्या खिशात हजेरीचा पितळी बिल्ला होता,
दाखवायला गेट उरलं नव्हतं.
आईनं तो मागितला नाही. काढून घेतला.
गोळीबार चौकातल्या रेडिओवाल्याकडून डाग द्यायची कावी आणली,
बोट भाजलं, एक शिवी घातली
(आयुष्यात ऐकलेली तिची ती एकच)
आणि बाविसशे सतरा नंबर बुडाशी बसवून टाकला.
दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याच पाण्यानं आंघोळ केली,
कोणी काही बोललं नाही.
पाणी मात्र कडक तापलं होतं.

पोराला एवढं सांगितलं नाही.
म्हटलं, घरचंच काम आहे.
"लय पक्कं हाय," तो म्हणाला,
आणि काट्यावरून दोन्ही हातांनी उतरवला.

वॉशर मीच कापला, जुन्या चपलेच्या तळव्याचा.
जळणाला संत्र्यांच्या पेट्यांच्या फळ्या,
कॉटन मार्केटाबाहेर पडलेल्या, फुकटच्या.
त्यांना आग लागली की थोडा वेळ मोरीत
साल सोलल्यासारखा वास येतो,
किंवा मला येतो असं वाटतं.
राख गार झाली की फुटक्या स्पीकरचं चुंबक फिरवते,
खिळे गोळा होतात. डबा भरत आला आहे.
कशाला जमवते, विचारू नका.

हिंगण्याहून लेक फोन करते:
आई, किती खटाटोप, अर्धा तास जातो.
जातो ना.
त्या अर्ध्या तासात मी पाटावर बसते,
शेकते, आणि कोणाला फोन करत नाही.

तोटी अजून गळते.
मिनिटाला एक.
खाली वाटी ठेवली आहे.