पोच

वॉर्ड ऑफिसच्या फाटकासमोर
सात बाय पाचचं माझं दुकान :
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो.
अकरा वर्षं या भांडुपची गाऱ्हाणी
माझ्या काचेवर पालथी पडतात,
खालून हिरवा उजेड सरकतो
आणि एका गाऱ्हाण्याची दोन होतात.
दोन रुपये पान. पाठपोट तीन.

मी वाचत नाही, असं सांगते सगळ्यांना.
पण वाचल्याशिवाय कागद सरळ लागत नाही.
त्यामुळे मला ठाऊक आहे
कुणाच्या नळाला पहाटे चार वाजता नुसती हवा येते
आणि हवेचंही बिल येतं.
मुकादमांच्या गल्लीतलं गटाराचं झाकण
तीनदा मंजूर झालंय.
झाकण फायलीत, भोक रस्त्यात.

वत्सला तांडेल दर दोन महिन्यांनी येते
तोच अर्ज घेऊन.
फक्त तारखेवर व्हाइटनर, वर नवी तारीख.
व्हाइटनरचे थर इतके झालेत
की बोटाला टेकडी लागते.
कॉपीत मात्र काही दिसत नाही.
कॉपीत अर्ज आजच जन्मल्यासारखा कोरा करकरीत.
‘आपणांस सविनय कळविण्यात येते की’...
हा सविनय मी लाखभर वेळा तरी छापला असेल.
लोकांचा विनय संपत कसा नाही,
माझा टोनर संपतो.

आणि मी?
मी म्हणायची, कोणीही आला तरी तेच.
मतदानाच्या दिवशी दुकान धुऊन काढलं,
पंख्याची पाती पुसली,
दुपारी झोपले.
संध्याकाळी लोक शाईचं बोट नाचवत गेले समोरून.
मला हसू आलं होतं.
त्यांचं काम होईना, त्यावर माझं घर चालत होतं,
हे तेव्हा मनात आलं नाही.
आलं असेल. बसू दिलं नाही.

मंगळवारी अन्वर मुकादम एक चिटोरं घेऊन आले.
शाळेच्या फाटकावरून हळूच सोडवलेलं,
डिंकासकट.
‘बाय, मोठं करून दे. चष्म्यालाही झेपत नाही.’
मुंग्यांएवढी अक्षरं.
एकशे एक्केचाळीस टक्के केलं. नाही लागलं.
त्या कॉपीची परत एकशे एक्केचाळीस.
मग मुंग्यांना पाय फुटले :
शाळेचं आरक्षण वगळून वाहनतळ.
हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत.
सव्वीस गेले होते.

ती माझी शाळा.
तिच्या मागच्या भिंतीवर मी खडूनं
बाईंच्या नावापुढे ‘म्हैस’ लिहिलं होतं,
आणि बाईंनी शिक्षा म्हणून
‘म्हैस’वर निबंध लिहायला लावला होता.
एवढंच आठवलं.
त्यावर काय हरकत घ्यायची, कळेना.

रात्री शटर अर्धं ओढून लिहायला बसले.
‘मी, खाली सही करणार...’
हात अडला.
दुसऱ्याचे अर्ज तोंडपाठ,
आपल्या नावाशी पेन थांबतो.
मग सविनय खोडला.
खोडलेलंच तसंच ठेवलं, कॉपीत दिसू दे म्हटलं.

शुक्रवारी आवक खिडकीपाशी आम्ही एकोणचाळीस.
तांडेल नव्या कागदावर आली होती,
तारीख एकच, कोरी.
कारकून म्हणाला, ‘शिक्क्याची शाई वाळलीय.
सोमवारी या.’
सोमवार म्हणजे एकतिसावा दिवस.
सगळे गप्प.
या गप्पेची मला सवय आहे,
हिच्यानंतर लोक रस्ता ओलांडून
माझ्याकडे आणखी एक कॉपी काढायला येतात.

मी रस्ता ओलांडला.
फळीवरचं स्टॅम्पपॅड घेतलं, शाईची बाटली घेतली,
परत आले.
खिडकीच्या गजांतून आत सरकवलं :
‘घ्या. पंचावन्न रुपये. नंतर दिलेत तरी चालेल.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मग माझ्या मागे पाहिलं.
बराच वेळ मागे पाहिलं.

पहिला शिक्का तिरका पडला,
‘प्राप्त’मधला ‘प्त’ उमटलाच नाही.
मुकादम म्हणाले, ‘परत मार.’
त्यानं परत मारला.

शाळेचं काय होणार, मला माहीत नाही.
बाटली उघडताना सांडली होती,
रात्री भाकरी थापताना पाहिलं,
पाचही बोटं जांभळी.